मतमोजणी झाल्यानंतर

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून बी आणावी लागते. माझ्या चुलत भावाच्या कारखान्यात आयव्हरी कोस्टची पोती उतरताना पाहिली, की मला तेथील २०१०ची निवडणूक आठवते.

त्या नोव्हेंबरात झालेल्या मतदानात अलासान वातारा निवडून आल्याचे निवडणूक आयोगाने डिसेंबरात जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांनीही ते प्रमाणित केले, तरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोराँ बाग्बो खुर्ची सोडेनात. सुरक्षा परिषदेने बाग्बोंविरुद्ध एकमताने ठराव केला; त्या वेळी भारतही परिषदेचा सदस्य होता, म्हणजे त्या निर्णयात आपलाही वाटा आहे. अखेर संयुक्त राष्ट्रे आणि फ्रान्स यांच्या हेलिकॉप्टरांनी मारा केला आणि ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो पकडले गेले. तोवर सुमारे ३,००० माणसे प्राणास मुकली होती. कौल राखला गेला हे मला मान्य आहे. परंतु ज्या फ्रान्सने त्या देशावर राज्य केले, त्याच्याच शस्त्रांनी तो राखावा लागला, हे मला आजही खटकते. पुढे २०२०मध्ये वातारांनी तिसऱ्यांदा निवडणूक लढवली, तेव्हा तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होणे घटनेला धरून नाही, या तेथील विरोधकांच्या आक्षेपामागे असे बळ कोणी उभे केले नाही.

गांबियात मात्र शेजारी धावून आले. बावीस वर्षे सत्तेवर असलेल्या याह्या जामेह यांनी डिसेंबर २०१६मधील पराभव आधी मान्य केला आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. तेव्हा इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने एकीकडे बोलणी चालू ठेवली आणि दुसरीकडे सेनेगलच्या सीमेवर सैन्य आणून उभे केले. १९ जानेवारी २०१७ रोजी निवडणूक जिंकलेले अदामा बॅरो यांनी सेनेगलची राजधानी डकार येथील गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली आणि दोनच दिवसांनी जामेह देश सोडून गेले. मोठी लढाई झालीच नाही. बांधावरचा तंटा गावातल्या जाणत्यांनी मिटवावा, तसे हे झाले. लोकांनी दिलेला कौल समोर होता आणि तो पाळा एवढेच सांगायचे होते. नवी राज्यव्यवस्था कोणी बाहेरून आणून लावत नव्हते.

नायजरमध्ये जुलै २०२३च्या लष्करी उठावानंतर त्याच इकोवासने सैन्य धाडण्याची धमकी दिली, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बझूम कैदेतून सुटले नाहीत. महागाई आणि अंधार मात्र त्यांच्या मतदारांच्या घरी पोहोचला.