उपदेशाची परवानगी मिळवताना

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (धर्मगुरू) नसलेल्या माणसाला रविवारी उपदेश करायचा असेल तर पाळकांची शिफारस, कमिटीचा ठराव आणि बिशपांची परवानगी लागते. नियमात स्त्री-पुरुष भेद नाही. रविवारची शाळा मी कितीतरी वर्षं घेते, महिला संघात बायबलच्या वचनावर बोलते. त्याला कधी कुणाची हरकत नव्हती. अर्ज केला तेव्हा मात्र बाईने पुलपिटावर (उपदेशाच्या व्यासपीठावर) उभं राहावं का, असा प्रश्न निघाला.

पाळकसाहेबांनी शिफारस दिली. अडलं कमिटीत. एका ज्येष्ठ काकांनी बायबलमधलं १ तीमथ्य २:१२, म्हणजे प्रेषित पौलाच्या आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातलं वचन, वाचून दाखवलं: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. मी पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली.

बायबलमधल्या फिबी आणि प्रिस्किल्ला या बायका मला आधीपासून पाठ होत्या. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून फिबीची शिफारस करतो. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा आक्विला मिळून अपुल्लो या उपदेशकाला देवाचा मार्ग नीट समजावून देतात. तीमथ्य तेव्हा इफिस शहरात होता, तिथे खोटं शिक्षण पसरत होतं, म्हणून ती मनाई तिथल्यापुरती होती, हेही मला मांडता येत होतं. खरी अडचण पुढच्याच वचनात होती. पौल तिथे कारण देतो ते इफिसातलं नाही, आदाम आधी घडवला गेला हे आहे. काकांचा भर त्यावरच होता आणि तो मुद्दा हलका नाही. त्यावर बरेच दिवस गेले. उत्तर मिळालं ते पौलाकडूनच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात हे धरूनच चालतो, आणि अकराव्या-बाराव्या वचनात सांगतो की स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुषही स्त्रीच्या द्वारे होतो आणि सर्व काही देवापासून आहे. आधी कोण घडलं एवढ्यावरून तो स्त्रीचं तोंड बंद करत नाही.

बैठकीत मी पंडिता रमाबाईंचंही उदाहरण दिलं. १८८५ साली त्या इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी विरोध केला. आपल्या वडिलांनी किंवा पतीने असा आक्षेप कधी घेतला नाही, असं रमाबाईंनी कळवलं. पुढे त्यांनीच हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ज्या बाईने अख्खं वचन मराठीत आणलं, तिच्या लेकींनी ते पुलपिटावरून समजावून सांगू नये, हे मला कधीच पटणार नाही.

ठराव बहुमताने झाला. काकांनी विरोधात मत दिलं, पण बैठक संपल्यावर माझी टिपणं वाचायला मागून नेली. नंतर बिशपांच्या परवानगीसाठीची लेखी परीक्षा आणि मुलाखत सोपी गेली. प्रभुभोजन अर्थात पाळकच देतात, कारण मला पाळकपदाची दीक्षा झालेली नाही.

ज्या बहिणींना अर्ज करायचा आहे त्यांना एवढंच सांगेन: कमिटीचा ठराव लेखी घ्या, त्यावर सचिवांची सही आणि तारीख असू द्या. माझी फाइल तेवढ्यासाठी एकदा परत आली होती.