समुद्रातून वर आल्यावर पंच्याहत्तर तासांनी

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नर्सबाई माझा उजवा खांदा साबणानं घासत होत्या. एकदा धुतला, जवळ येऊन वास घेतला, पुन्हा धुतला. दोन दिवस आजीनं त्या खांद्याला टोळीचं तेल चोळलं होतं. मोहाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे साकोली भागात अंग दुखलं की लावतात. ते इतकं मुरलं होतं की वास जाता जाईना. "आत शुद्ध ऑक्सिजन असतो दादा. तेलाचा डाग जरी राहिला तरी आग लागू शकते. आम्ही केसांचं तेलसुद्धा चालू देत नाही," त्या म्हणाल्या. मग गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा, मोबाईल, सगळं बाबांच्या हातात गेलं. मला सुती गाऊन घातला आणि त्या काचेसारख्या पारदर्शक नळकांड्यात, म्हणजे आत दाब वाढवता येणाऱ्या चेंबरमध्ये, सरकवलं.

मला डीकॉम्प्रेशन सिकनेस झाला होता, म्हणजे खोल पाण्यातून वर आल्यावर दाब उतरून अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो आजार. त्या वेळी मला समुद्रातून वर येऊन पंच्याहत्तर तास झाले होते. हे तास कसे वाया गेले ते लिहायचं आहे, कारण त्यातले बरेच माझ्या तोंडून एक शब्द न निघाल्यामुळे गेले.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीपासून थोडं आत. कोहळी लोकांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचा हा मुलूख. पोहायला मी तलावातच शिकलो. दर दोन-तीन वर्षांनी तलावात कुणी ना कुणी बुडतं. मग गावातली पट्टीची पोहणारी माणसं श्वास रोखून तळ चाचपतात आणि काठावर त्या घरची माणसं बसून राहतात. मागच्या खेपेला शोध दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. तो मुलगा माझ्या वर्गातला होता, मी त्याला सातवीत गणित शिकवत होतो. पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली कसं राहायचं ते आपण शिकायचंच, हे त्या रात्री मनात पक्कं झालं. पुढच्या जानेवारीत रजा काढली, साठवलेले पैसे घेतले आणि अंदमानला स्वराज द्वीपवर गेलो. जुनं नाव हॅवलॉक.

सहा दिवसांत दोन कोर्स केले. पहिल्यात १८ मीटरपर्यंत जाता येतं, दुसऱ्यात ३० मीटरपर्यंत. शेवटच्या दिवशी, सोमवारी, दोन डाइव्ह झाल्या, एक २८ मीटरची आणि दुसरी १८ मीटरची. दुपारी अडीचला मी बोटीवर आलो. मनगटावरच्या कॉम्प्युटरनं एकदाही धोक्याची खूण दाखवली नव्हती. वर यायचा वेग बरोबर होता, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलोही होतो. फक्त बोट लागल्यामुळे सकाळपासून पोटात काही ठरत नव्हतं आणि पाणी फार कमी प्यायलो होतो.

चारच्या फेरीनं पोर्ट ब्लेअरला निघालो. फेरीतच उजव्या खांद्याच्या आत खोल कुठेतरी ठसठस सुरू झाली. हात वर केला तरी तेवढीच, खाली सोडला तरी तेवढीच. टाक्या उचलल्या म्हणून दुखतंय असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विमान होतं. वर येऊन साडेसोळा तास झाले होते. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं, हे कोर्सच्या पुस्तकात होतं, मी वाचलं होतं, परीक्षेत बरोबर उत्तरही लिहिलं होतं. पण परतीचं तिकीट मी कोर्स सुरू व्हायच्या आधी काढलं होतं. दीड तासाचाच फरक आहे असं स्वतःला सांगितलं. मोठी चूक मात्र दीड तासाची नव्हतीच. खांदा दुखत असताना विमानात बसायलाच नको होतं. आणि ज्या पोर्ट ब्लेअरमध्ये मी ती रात्र कुशी बदलत काढली, तिथेच नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात या आजारासाठी चेंबर आहे. उपचारांच्या दारातून उठून मी निघून आलो.

विमान उडाल्यावर अर्ध्या तासात कोपरही दुखायला लागला. केबिनमधली हवा जमिनीवरच्यासारखी नसते, साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असते. कोलकात्याला विमान बदलून संध्याकाळी नागपूर, तिथून एसटीनं साकोली. स्टँडवर बाबा मोटारसायकल घेऊन उभे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "आंग दुखते का? आजीले सांग, चोळून देईन."

बुधवारी सकाळी विहिरीवर तोंड धुवायला गेलो. परत आलो तर माय मागून म्हणाली, "एक चप्पल कुठी टाकली?" डाव्या पायातली चप्पल विहिरीजवळ निघून पडली होती आणि अंगणातल्या खडीवरून मी दहा-बारा पावलं अनवाणी चालत आलो होतो. मला कळलंच नव्हतं. खाली बसून तळव्याला चिमटा काढला. दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं. पडलात का, वजन उचललं का, ताप आहे का, सगळं विचारलं. मी म्हणालो, "अंदमानला फिरायला गेलो होतो. बॅगा उचलल्या." डाइव्हिंग हा शब्द मी उच्चारलाच नाही. लपवायचा विचार नव्हता, पण समुद्रात केलेल्या गोष्टीचा गावात आल्यावर दुखणाऱ्या खांद्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. असे बुडबुडे एक्स-रेत दिसत नसतात. मानेची शीर दबली असावी असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. मी जे सांगितलं होतं त्यावरून दुसरं काय निघणार होतं?

बुधवारची रात्र मला विसरता येत नाही. शेजारच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होता, म्हणून रात्री नाटक. लाऊडस्पीकरवरचे संवाद शेतातून आमच्या ओसरीपर्यंत येत होते. मी लघवीसाठी तीनदा उठलो आणि तिन्ही वेळा बराच वेळ नुसता उभा राहिलो. लागल्यासारखं होतं आणि सुरू होत नव्हतं. त्या रात्री मी खरा घाबरलो.

गुरुवारी सकाळी अकराला कोर्सच्या सरांचा फोन आला, कार्डासाठी फोटो पाठवायचा राहिला होता म्हणून. बोलता बोलता हात दुखतो म्हणालो. त्यांचा आवाज एकदम बदलला. "कब से?" मग एकामागून एक प्रश्न. पायात मुंग्या आहेत? चिमटा कळतो? पेशाब हो रही है? मी उत्तरं देत गेलो आणि ती देताना मलाच सगळं उलगडत गेलं. ते म्हणाले, फोन ठेवू नका, ऑक्सिजन जिथे मिळेल तिथे आत्ता निघा. पाचच मिनिटांत त्यांनी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या चोवीस तास चालणाऱ्या मदतलाइनवरच्या डॉक्टरांना जोडून दिलं.

ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "असा पेशंट मी पाहिलेला नाही." मग माझा फोन कानाला लावून दहा मिनिटं त्या डॉक्टरांशी बोलल्या, कागदावर लिहून घेत. तो कागद मी जपून ठेवला आहे. कोरोनाच्या वेळी आलेल्या मोठ्या सिलिंडरला पिशवीचा मास्क जोडून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन, सलाइन, उताणं झोपवणं आणि १०८ नंबरची गाडी. मला माहीत नाही हे म्हणायला आणि लगेच विचारून घ्यायला मोठं मन लागतं. माझा पाय वाचण्याचं निम्मं श्रेय मी त्यांना देतो.

गाडीत माय शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "समुद्रात चावलं का काही?" मी मास्क थोडा बाजूला करून सांगितलं, कुकरसारखं आहे. शिटी बसलेली असते तोवर आत तुरीची डाळ शांत असते. शिटी उचलून वाफ एकदम सोडली की तीच डाळ उसळून झाकणाला लागते. समुद्रात दर १० मीटरला हवेचा एक दाब वाढतो. २८ मीटरवर अंगावर जवळपास पावणेचार पट दाब असतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा. दाब भराभर उतरला की त्याचे जिथल्या तिथे बुडबुडे होतात. समुद्रातून वर आलो तेव्हा माझी शिटी थोडी उचलली गेली, विमानात बसलो तेव्हा पूर्ण. मायला हे बरोबर समजलं. म्हणाली, "मंग पुन्हा झाकण लावा लागते." उपचार नेमका हाच आहे.

त्या नळकांड्यात झोपवून दाब वाढवत नेतात. कान दुखतात, नाक चिमटीत धरून हलकंच फुंकत राहावं लागतं, अगदी समुद्रात उतरताना करतो तसं. हवा दाबली जाते तशी आत उकडायला लागतं. १८ मीटर खोलीएवढा, म्हणजे २.८ पट दाब झाला की शुद्ध ऑक्सिजनचे २० मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये पाच-पाच मिनिटं मास्कमधून साधी हवा. इतक्या दाबाचा ऑक्सिजन सलग घेतला तर झटके येऊ शकतात, म्हणून ही विश्रांती. मग दाब ९ मीटरवर आणून तासा-तासाचे दोन टप्पे. अमेरिकन नौदलानं ठरवलेलं हे वेळापत्रक आहे, त्याला टेबल सिक्स म्हणतात. एकूण चार तास पंचेचाळीस मिनिटं.

पूर्ण दाबावर पोचून दहाएक मिनिटं झाली असतील, खांद्यातली ठसठस थांबली. कमी झाली असं नव्हे, थांबली. तीन दिवसांनी पहिल्यांदा मी न दुखता हात उचलला आणि काचेतून बाबांना दाखवला. बाबा तिकडून हात जोडत होते, कुणाला ते मला कळलं नाही.

पाय मात्र लगेच आला नाही. तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की खांद्याचं दुखणं सोपं आणि मज्जारज्जूचं अवघड, त्यातही तुम्ही उशिरा आलात. बुडबुड्यांमुळे सूज येते, रक्तपुरवठा बिघडतो, ती इजा भरून यायला वेळ लागतो. पण उशीर झाला म्हणून उपचार सोडायचे नसतात, हेही त्यांनी ठामपणे सांगितलं. रोज एक याप्रमाणे आणखी पाच छोट्या फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर लघवी नीट व्हायला लागली. सहाव्या फेरीनंतर सुधारणा पुढे सरकेना, तेव्हा थांबलो. हे चेंबर एरवी मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी चालतं. माझ्या आधी आणि नंतर तसेच पेशंट असत आणि बाहेरच्या बाकावर त्यांच्या घरच्यांशी आमची चांगली ओळख झाली.

एका दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार डाइव्ह करणाऱ्यांच्या आधी पूल बांधणाऱ्या मजुरांचा होता. नदीच्या तळाशी पाया खोदताना हवेच्या दाबानं भरलेल्या बंद पेट्यांत माणसं काम करायची आणि वर आली की वाकून पडायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली यातच खचला. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडलं. टप्प्याटप्प्यानं वर यायचं कोष्टक हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये दिलं, शेळ्यांवर प्रयोग करून. मला त्या मजुरांचं फार वाटलं. पोटासाठी खाली गेलेली माणसं, आणि वर आल्यावर काय होतंय ते त्यांना सांगायलाही कुणी नव्हतं.

घरी आल्यावर फिजिओथेरपीचा मुख्य व्यायाम होता एका रेषेत, टाचेला चवडा लावून चालणं. त्यासाठी आमच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, धुरा (बांध) मला फार कामी आला. धान निघालं होतं, बांधीत लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं होतं. धुरा जेमतेम दीड वीत रुंद. पहिल्या दिवशी चार पावलांत डावीकडे लाखोळीत गेलो. बाबा मागून चालत, हात न लावता. पंधरा दिवसांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, पण पायाकडे बघत. न बघता चालायला होळी उजाडली. डोळे मिटून उभं राहिलो तर अजून थोडा झुकतो. टाचेजवळ रुपयाएवढी जागा बधिर आहे, ती बहुधा तशीच राहील.

नागपूरला हृदयाचीही तपासणी झाली. जन्मापूर्वी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते. साधारण चौघांतल्या एकात ती पूर्ण बंद होत नाही, आणि मग बुडबुडे फुफ्फुसात अडकण्याऐवजी थेट मेंदू आणि मज्जारज्जूकडे जाऊ शकतात. फेसाळलेलं सलाइन शिरेत सोडून सोनोग्राफीवर पाहिलं. माझी बंद निघाली. डॉक्टरांनी पुन्हा खोल डाइव्हिंगला होकार दिलेला नाही आणि मी तो मागितलेलाही नाही. आमचा तलाव पंधरा फूट खोल आहे. तिथल्या कामाचं सप्टेंबरच्या तपासणीत विचारणार आहे.

दिवाळीत गावातली चार पोरं तारकर्लीला चालली होती. पर्यटकांना तिथे नेतात ते पाणी उथळ, डाइव्हही थोड्या मिनिटांची, धोका अगदी कमी, हे मी त्यांना सांगितलं. मग विचारलं, परत कसे येणार? दुपारी डाइव्ह आणि लगेच आंबोली घाटानं कोल्हापूर, असा बेत होता. आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, शरीराला तीही उंचीच. दुसऱ्या दिवशी घाट चढा म्हटलं, आणि नंतर काहीही दुखलं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी पाण्याखाली टाकी लावून गेलो होतो. एकानं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. दुसरा म्हणाला, "दादा, एक रात्र जास्त राहू, पण घरी तू सांग." संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या मायला मीच सांगितलं.