तुऱ्यांचे महिने

नाशिकमध्ये गुलाबाला महिना नसतो. जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसमध्ये छाटणीचे वेळापत्रक सांभाळले की तो श्रावणातही फुलतो आणि पौषातही, आणि फुलबाजारात त्याच्या जुड्या मांडल्या जातात तेव्हा बाहेर पाऊस आहे की हुडहुडी भरवणारी थंडी, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. मोगलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटले, त्या गावात फुलांची अशी बारमाही चंगळ असणे साहजिकच आहे. पण मला फुलदाणीत महिना दिसायला हवा असतो, आणि तो दाखवतात ते तुरे.

त्यांत माझा पक्षपात कुरडूकडे आहे. भाद्रपद सरत आला की सिन्नरच्या बाजूला बाजरीच्या रानांतून आणि बांधांवरून हे तुरे माना वर काढतात. फूल खालून वर उमलत जाते, त्यामुळे बुडाकडचा भाग रुपेरी झालेला असतो आणि टोक अजून गुलाबी असते. एकाच काडीवर दोन वये पाहायला मिळतात. शेतकऱ्याच्या लेखी हे निव्वळ तण. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, तेवढाच काय तो त्याचा मान, आणि एकदा तुरा आला की त्यातून सांडणाऱ्या बारीक, काळ्या, चकचकीत बियांच्या भीतीने तो उपटलाच जातो. त्यामुळे बांधावर थांबून चार काड्या मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. उलट “सगळंच न्या की, ताई,” असे हसत सांगितले जाते. बागेतला कोंबडा आणि हल्ली फुलवाल्यांकडे मिळणारा पिसाऱ्यासारखा सेलोशिया हे याच कुळातले, फक्त शहरात येऊन भडक झालेले. त्यांचा तो लाल-किरमिजी रंग बीटाच्या गड्ड्यात असतो त्याच जातीचा आहे, हे कळल्यापासून मला त्या तुऱ्यांबद्दल उगाचच घरगुती जवळीक वाटू लागली आहे.

तुऱ्याने फुलदाणीत नेमके काय होते, याचा मी बराच विचार केला आहे. गुलाब किंवा जरबेरा यांना ठाम कड असते. नजर तिथे जाऊन थांबते, आणि अशी पाच-सहा फुले शेजारी शेजारी आली की सगळी रचना गच्च आणि जड दिसू लागते. तुऱ्याला अशी कड नसते. त्याचा कुठे शेवट होतो आणि हवा कुठे सुरू होते हे नक्की सांगता येत नाही, आणि उजेड त्याच्यावर आपटून परत न येता त्याच्यातून गाळून पुढे जातो. म्हणून तुऱ्यांची फुलदाणी खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीशी, उजेड मागून किंवा बाजूने येईल अशी ठेवावी. प्रमाणही उलटे धरावे : तुरे भरपूर आणि गुलाब दोन किंवा तीन. पुष्पगुच्छात गुलाबांच्या भोवती जिप्सोफिला, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांचा झुबका, कापसासारखा कोंबून वर चकचकीत प्लॅस्टिक गुंडाळण्याची जी रीत आहे, तिच्यात त्या नाजूक फुलाचा अपमान होतो असे माझे मत आहे. त्याला मोकळे उभे राहू दिले तर ते एकटेही पुरते.

काशगवताची गोष्ट जरा वेगळी. आश्विनात नदीकाठी आणि ओढ्यांच्या कडेला ते पांढरे होते तेव्हा मोह आवरत नाही, पण पूर्ण फुललेला काश घरात आणला तर त्याच्या म्हाताऱ्या, म्हणजे कापसासारख्या तरंगणाऱ्या बिया, पंख्याच्या वाऱ्याने पडद्यांपासून आमटीपर्यंत सगळीकडे जातात. तुरा पात्याच्या वेष्टणातून नुकता बाहेर येत असताना, अजून रेशमी आणि थोडा ओलसर असताना कापावा, आणि कापताना पात्याच्या कडेने बोट चिरू नये म्हणून जुना रुमाल गुंडाळावा. कुरडूची पाने फुलाच्या कितीतरी आधी मलूल होतात. ती सगळी खुडून टाकावीत, पाण्याखाली तर एकही राहू देऊ नये, नाहीतर पाणी लवकर कुजते.

हे सगळे आपल्याला नवे आहे अशातला भाग नाही. गौरींसाठी तेरडा आणि आघाडा आणणारी, दाराच्या तोरणात झेंडूच्या जोडीने भाताच्या लोंब्या ओवणारी माणसे तुऱ्याची किंमत ओळखूनच होती. आता मात्र लग्नसराईत गंगापूर रोडच्या लॉन्सवर पांढरे केलेले पंपास गवत उभे केलेले दिसते. ते मुळात दक्षिण अमेरिकेतले. दिसते देखणे, नाही असे नाही, पण मार्गशीर्षात निफाडकडे उसाला आलेले तुरे पाहिले की त्यासाठी मोजलेल्या पैशांचे नवल वाटते. ऊस आणि काश हे तर सख्खे भाऊबंद. उसाला तुरा आला की साखर घटते म्हणून शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि मी तिथे सौंदर्य शोधत उभी असते, याचा संकोच वाटतो खरा.

कुरडू आणि कोंबडा यांच्या पाकळ्या मुळातच कागदासारख्या कोरड्या असल्याने जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात २ ते ३ आठवडे उलटी टांगली की रंग बऱ्यापैकी टिकवून वाळते. माझ्या मैत्रिणी असे तुरे वर्षभर मिरवतात. मी ते फाल्गुनात काढून टाकते, कारण चैत्राच्या फुलदाणीत आश्विन नांदत असेल तर मग गुलाबाला नावे ठेवण्यात अर्थ उरत नाही. त्या जागी गुढीसाठी आणलेल्या कडुनिंबातली मोहराची एखादी डहाळी येते. ती फार टिकत नाही, बारीक फुले टेबलभर सांडतात आणि दिवसातून दोनदा पुसावे लागते. पण तिचा मधासारखा मंद वास मोडू नये म्हणून ती पाण्यात असेपर्यंत मी त्या खोलीत उदबत्ती लावत नाही.