आमची वाटचाल : कान लावून चालवलेला धंदा

कॅमेऱ्याच्या लेन्स रिपेअरमध्ये पडलात की महिन्याभरात कळतं, निम्म्या लेन्स ठणठणीत असतात, घाबरलेला असतो तो मालक. "आतून आवाज येतोय." बस्स. आमच्या धंद्याची सुरुवातही ह्याच वाक्यानं झाली आणि धंदा बुडायला आला तोही ह्याच वाक्यापायी, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं, कारण बाजारात आमच्याबद्दल जे सांगितलं गेलं ते अर्धवट आहे आणि कोणी सांगितलं ते मला माहिती आहे.

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघं होतो. मी फिल्म कॅमेरे खोलणारा, शटर-पडदे-प्रिझम ह्यातला, आणि भागीदार रेडिओ-टेपरेकॉर्डरवाला. त्याचा कान म्हणजे कान होता, खोटं कशाला बोलू. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक लेन्सच्या बॅरलला लावून सांगायचा, हा फोकसच्या मोटरचा, हा डायफ्रामच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांचा, आणि हा सूं करतोय तो स्टॅबिलायझरचा, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आत बसवलेल्या यंत्रणेचा. १९९५ साली कॅननची ७५-३०० आयएस आली, एसएलआरसाठी, म्हणजे आरशावाल्या कॅमेऱ्यासाठी, आतच स्टॅबिलायझर असलेली पहिली लेन्स, आणि २००० मध्ये निकॉनची ८०-४०० व्हीआर. आयएस हे स्टॅबिलायझरचं कॅननचं नाव, व्हीआर हे निकॉनचं. आमच्यापर्यंत ह्या लेन्स पोचल्या त्या तक्रारी घेऊनच. आधीच्या लेन्स मुक्या होत्या ना, त्यामुळे लोकांना वाटायचं काचच सुटली आतली.

आत काय होतं ते तुम्हाला माहितीच असेल, तरी सांगतो. बटण अर्धं दाबलं की लॉक सुटतं, टक्. मग मधला काचेचा गट मोकळा होऊन कॉइल आणि मॅग्नेटच्या जोरावर तरंगत राहतो, जायरो, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, सांगेल तसा वर-खाली डावी-उजवीकडे सरकत राहतो, त्याची ती बारीक घुरघुर. बोट काढलं की लगेच थांबत नाही, कॅननच्या बऱ्याच लेन्समध्ये २ सेकंद तरी चालू राहतं, आणि मग गट मधोमध येऊन लॉक बसतं, खट्. टक्, घुर्र, खट्, झालं. ह्यात काय बिघडलंय सांगा? काही लेन्समध्ये तर सुरू होताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही जरासं उडी मारतं, तेही चालायचंच.

आणि खुळखुळ. लॉक बसायच्या आत कॅमेरा बंद केला की गट मोकळाच राहतो आणि लेन्स हलवली की वाजते. निकॉनच्या कितीतरी व्हीआर लेन्सच्या माहितीपत्रकात हे छापलेलं आहे, हा बिघाड नव्हे, कॅमेरा परत चालू करा, जातं. पण माहितीपत्रक वाचतो कोण, ते डब्यातच राहतं.

आता मुद्द्याची गोष्ट. भागीदाराला कळलं की ह्या खुळखुळीत पैसा आहे. मला पत्ता नव्हता. तो लेन्स ठेवून घ्यायचा, चार दिवसांनी पुढची काच पुसून परत द्यायचा आणि बिलावर "आयएस युनिट टाइट केले". आयएस युनिट टाइट! जे तरंगायलाच हवं ते टाइट कसं करणार बाबा? मला एक बिल चुकून हाताला लागलं तेव्हा आमचं जोरात वाजलं आणि तो गेला. जाताना गिऱ्हाईकांची वही नेली आणि आमचा जेआयएस, म्हणजे जपानी स्क्रूंसाठीचा, स्क्रूड्रायव्हरचा सेट नेला, जो आम्ही पहिल्या कमाईतून दोघांत घेतला होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सेटचं दुःख कळेल. जपानी स्क्रूला साधा फिलिप्स लावला की डोकं गेलंच समजा, आणि बॅरलच्या आतला डोकं गेलेला स्क्रू काढायला अख्खी दुपार जाते.

त्यानं स्वतःचं चालू केलं आणि माझी पडझड सुरू झाली. लोक माझ्याकडे यायचे, मी दोन मिनिटं लेन्स कानाला लावायचो, म्हणायचो काही झालेलं नाही घेऊन जा, पैसे नकोत. तेच लोक पुढे त्याच्याकडे जायचे, तो भुवया वर करून म्हणायचा "बरं झालं वेळेत आणलीत". सांगा कोण हुशार दिसणार? "त्याला नवीन लेन्समधलं कळत नाही, तो जुन्या जमान्याचा" असं माझ्याबद्दल पसरलं. महिने असे गेले की टेबलावर एकच लेन्स, तीही बुरशीची. भाडं थकलं. हाताखालचा मुलगा एक दिवस न सांगता यायचा बंद झाला, त्याला दोष देत नाही.

आणि मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं, "आवाज आहेच, खोलून बघा". मला ठाऊक होतं आवाज बरोबर आहे. तरी खोलली, कारण काम हवं होतं. परत बसवताना स्टॅबिलायझरचा फ्लेक्स, म्हणजे तारांची पातळ पट्टी, बॅरलच्या कडेला चिमटला आणि फाटला, केसाएवढी चीर. चालू केली तर चित्र कोपऱ्यात जाऊन बसलं आणि तिथेच थरथरत राहिलं. अख्खं नवं युनिट पदरच्या पैशानं बसवून दिलं. त्या रात्री दुकान बंद करायचं ठरवलंच होतं.

वाचवलं ते काकांनी. काका म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, पक्ष्यांचे फोटो काढणारे, हातात ती १९९८ वाली १००-४००, ओढ-ढकलवाली, आणि तिचा आयएस असा घुरघुरायचा की पक्ष्याआधी काकाच दचकायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, डॉक्टर काही झालं नाही म्हणतो तेव्हासुद्धा छातीला नळी लावतो, तपासल्याचे पैसे घेतो. तू फुकट सांगतोस म्हणून कोणाला खरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तपासणीची फी लावली. एक चिकटणारा पिझो माइक, म्हणजे ज्याला चिकटवला त्याची थरथर ऐकणारा, छोटा अँप्लिफायर, बरा हेडफोन. गिऱ्हाईकाच्या कानाला हेडफोन, माइक त्याच्या लेन्सवर, मग तोच माइक त्याच मॉडेलच्या धडधाकट लेन्सवर. बोलायची गरजच पडत नाही. मॉडेलप्रमाणे आवाज साठवून ठेवायला लागलो, चांगल्याचे वेगळे, पडलेल्याचे वेगळे. पडलेली लेन्स करकर करते, ठोके एकसारखे पडत नाहीत, लॉक दोन-तीनदा खटखटतं आणि बसत नाही. हे एकदा ऐकलं की विसरत नाही माणूस. पुढची वर्षं बरी गेली.

आता एवढं लिहिलंच आहे तर सांगून ठेवतो. घुर्र चालू असताना लेन्स उपटू नका, आधी बोट काढा, खट् ऐकू द्या, कॅमेरा बंद करा, मग काढा. जुन्या स्टॅबिलायझरवाल्या लेन्स ट्रायपॉडवर लावल्या की स्विच बंद, नाहीतर हलत नसलेल्या गोष्टीचं हलणं शोधत बसतात. व्हिडिओत घुरघुर येते म्हणून लेन्स आणू नका, कॅमेऱ्याचा आतला माइक लेन्सला खेटून असतो, बाहेरचा माइक घ्या. आणि नव्या बऱ्याच मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीत सेन्सरच तरंगतो, बंद असताना हलवली की आत ठकठक होते, घाबरू नका. उलट आवाज गेला तर या. मागे एक मुलगा फक्त पट्टा लावून घ्यायला आला होता, सहज म्हणाला "आधी घुरघुरायची, आता बरी झाली". कान लावला, आत काहीच नाही, आयएस कधीचा मेलेला.

भागीदाराचं म्हणाल तर तो हल्ली लेन्स करत नाही, चार्जर आणि मेमरी कार्ड विकतो असं ऐकतो. वही नको मला. स्क्रूड्रायव्हरचा सेट मात्र अजून त्याच्याकडेच आहे, दोनदा निरोप धाडला, सर्वात बारीक टोकाचा तेवढा तरी दे म्हटलं.