एका बांधलेल्या कवटीचं काय करायचं

गेला आठवडाभर आमच्या लॅबमध्ये एका बाईच्या कवटीवरून वाद चाललाय. बाई साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. वाद अजून मिटलेला नाही आणि माझं डोकं त्यातून बाहेर येत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

मी जर्मनीत बव्हेरियात काम करते, शिक्षण पुण्याचं. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या शतकातल्या एका दफनभूमीतले सांगाडे आहेत. रोमन सत्ता गेल्यानंतर इकडे गावाबाहेर ओळीने माणसं पुरायचे, डोकं पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे. बव्हेरियन लोकांचा लेखी उल्लेख सहाव्या शतकाच्या मध्यात पहिल्यांदा येतो, त्याआधी हे कुठे होते यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत. कोणी म्हणतं बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून आले, कोणी म्हणतं रोमन काळापासून इथेच असलेले आणि आजूबाजूचे मिळून झाले. कवट्यांच्या मोजमापातून यात काही कळतंय का ते बघायचं, हे आमचं काम.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मोजतच असतो. खरं तर बहुतेक वेळ तुकडे जुळवण्यात जातो. माती कवटी फोडते, वाकवते, आणि त्यात जुन्या उत्खननातल्या कवट्या कोणीतरी कित्येक दशकांपूर्वी घाईघाईत डिंकासारख्या गोंदाने आणि प्लास्टरने चिकटवून ठेवलेल्या असतात. कपाळाजवळचा एक सांधा जरा तिरका बसला की मागे पोचेपर्यंत फरक सेंटीमीटरात जातो, आणि मग तुम्ही माणूस नाही, गोंद मोजत असता. म्हणून मी आधी जुना गोंद अ‍ॅसिटोनने काढते, तुकडे सुटे करते, वाळूच्या ट्रेमध्ये टेकवून परत जुळवते. मग कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायचा चिमटा. लांबीसाठी एक टोक भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर बोटाने दाबून धरायचं आणि दुसरं मागे मधल्या रेषेवर सरकवत सर्वात मोठा आकडा पकडायचा. रुंदीचा बिंदू तर आधी ठरलेलाच नसतो, जिथे सर्वात रुंद तिथे तो. उंची खालच्या मोठ्या भोकाच्या पुढच्या कडेपासून टाळूच्या बिंदूपर्यंत, आणि ती कड निम्म्या कवट्यांत तुटलेलीच असते. काही दिवसांनी पहिला कागद न बघता सगळं परत मोजायचं. माझे दोन्ही वेळचे आकडे सहसा मिलिमीटरभराच्या आत येतात आणि याचा मला अभिमान आहे, कारण यात कष्ट आहेत. हल्ली नवीन मुलं थेट स्कॅन करून स्क्रीनवर बिंदू टाकतात, छान दिसतं, पण टाळूच्या शिवणीत एखादं जास्तीचं छोटं हाड असलं की ज्यांनी कवटी कधी हातात धरलेली नाही ते बिंदू बिनधास्त चुकीच्या जागी ठेवतात आणि सॉफ्टवेअर काही बोलत नाही.

तर ती बाई. जुन्या कार्डावर लिहिलेलं, "मातीच्या दाबाने वाकडी, मोजू नये." मी तुकडे सुटे केले आणि परत जुळवायला घेतले तर सगळे सांधे स्वच्छ बसले. मातीने वाकवलेले तुकडे असे बसत नाहीत, कडा एकमेकींना भेटतच नाहीत. शिवाय माती एका बाजूने दाबते. इथे कपाळ मधून सपाट, टाळूच्या मागे कानापासून कानापर्यंत आडवी खाच, डोक्याचा मागचा भाग वर चढलेला, आणि डावी-उजवी बाजू अगदी सारखी. हे मातीचं काम नाही. हिचं डोकं तान्हेपणी पट्ट्याने बांधलं होतं.

आपल्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात, तेल लावून हळूहळू आकार देतात, तसंच हे, फक्त पट्टा घट्ट आणि महिनोन्‌महिने. पूर्वेच्या गवताळ प्रदेशातली ही रीत हूणांच्या काळात युरोपात पसरली, पाचव्या शतकात हंगेरीकडे भरपूर दिसते, बव्हेरियात अशी डोकी थोडी आणि मुख्यतः बायकांची.

आमचा स्टॅटिस्टिक्सवाला सहकारी लगेच म्हणाला, हिला काढ. तर्क बरोबर आहे त्याचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पट्ट्याने ठरवलेली, वंशाने नाही, आणि ग्राफवर ठेवली तर एक अख्खा अक्ष ती एकटीच स्वतःकडे ओढते. प्रोजेक्ट हेड म्हणाले, तळटीप द्या आणि पुढे जा. मला ते पचत नाही. "लोक कुठून आले" हा प्रश्न घेऊन आपण बसलोय आणि बाहेरच्या जगाशी नातं जिच्या अंगावर उघड दिसतंय तिलाच बाजूला काढायचं?

2018 साली बव्हेरियातल्या इसवी सन 500 च्या आसपासच्या सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास आला. पुरुष आणि साध्या डोक्याच्या बायका बहुतांशी उत्तर-मध्य युरोपीय निघाल्या. बांधलेल्या डोक्यांच्या बायकांत मात्र खूप विविधता, बऱ्याच जणींचं मूळ आग्नेय युरोपाकडचं. म्हणजे बहुधा लग्न होऊन दुरून आलेल्या. हेड हाच अभ्यास दाखवून म्हणतात, मग डेटाबेसमधल्या "मूळ" या रकान्यात लिहून टाका ना "आग्नेय युरोप". पण त्या बायकाही सगळ्या एकसारख्या नव्हत्या! पट्टा एवढंच सांगतो की हिला पहिली एक-दोन वर्षं कोणी सांभाळलं, कोणाची रीत त्या घरात चालायची. पोटी कोणाच्या आली, ते नाही. आई परदेशी आणि मुलगी इथेच जन्मलेली, हेही शक्य आहे.

मधेच एक दिवस गावातले लोक बघायला आले. प्रत्येकाचा एकच प्रश्न, हे आमचे पूर्वज का? घरच्या व्हिडिओ कॉलवर माझे काकाही तेच विचारतात, आपण मूळचे कुठले ते कवटीवरून सांगता येईल का गं. सगळ्यांना नकाशावर एक बाण हवा असतो. कवटीचा आकार मोठ्या समूहांच्या सरासरीत पूर्वजांचा माग थोडाफार ठेवतो, हे खरं. एका माणसाबद्दल मात्र फार कमी सांगतो. आणि इथल्याच लोकांची डोकी मध्ययुगात पिढ्यान्‌पिढ्या गोल होत गेली, तर त्यावरून जुन्या अभ्यासकांनी लांब डोक्यांचे लोक जाऊन गोल डोक्यांचे आले अशा गोष्टी रचल्या.

अशा वेळी मला इरावती कर्वे आठवतात. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी जर्मन मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजला. त्याचा वंशाशी संबंध निघावा अशी गुरूची अपेक्षा होती. मोजमापात तो निघाला नाही आणि बाईंनी तसंच लिहिलं, 1930 मध्ये डॉक्टरेट घेतली. तिथे, त्या काळात, एका तरुण हिंदुस्थानी बाईने. आमच्या इथे नुसता एक रकाना भरायचा दबाव आहे.

सध्या मी असं केलंय. मोजमापं काढून टाकली नाहीत, वेगळा कोड देऊन ठेवलीत, आणि विश्लेषण तिच्यासकट आणि तिच्याशिवाय दोन्ही चालवायचं हे सहकाऱ्याने मान्य केलंय. चेहऱ्याची मापं वेगळी बघणार आहोत, पण पट्टा चेहऱ्यालाही थोडा ओढतो, त्यामुळे फार भरवसा नाही. खरं उत्तर दातात आहे. पहिल्या दाढेचं इनॅमल साधारण तीन वर्षांपर्यंत तयार होतं आणि त्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून, म्हणजे जमिनीतून अन्नपाण्यावाटे अंगात येणाऱ्या एका मूलद्रव्यावरून, बालपण याच मातीवर गेलं का ते कळेल. तिची अशी एकच दाढ शिल्लक आहे, झिजलेली, आणि तपासायचं म्हणजे कापायचं. परवानगीचा अर्ज दिलाय.

तोवर डेटाबेसमधला "मूळ" हा रकाना मी रिकामा ठेवलाय आणि शेऱ्यात लिहिलंय, "तान्हेपणी डोकं बांधलेलं, दोन्ही बाजू सारख्या, मातीचा दाब नाही." हेड म्हणतात, सिस्टिम रिकामा रकाना घेत नाही, काहीतरी निवडा. मग सिस्टिम बदला.