निळा पंप

रात्रीचे पावणेदहा झाले असतील. मेडिकलचं शटर अर्धं ओढलं होतं. वहिनी वाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, आत्याबाईंची झोपेची गोळी द्या." पुढं केलेली चिठ्ठी खरीच होती. पण आत्याबाईंना, म्हणजे त्यांच्या सासूबाईंना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेराव्याला मी जेवून आलो होतो.

चिठ्ठीत अल्प्राझोलम. मार्च २०१४ पासून ही गोळी एच-वन यादीत, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांत आहे. डॉक्टर कोण, पेशंट कोण, गोळ्या किती, हे सगळं वेगळ्या रजिस्टरात उतरवायचं आणि रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. त्याआधी आमच्या दुकानात काय चालायचं ते मी पाहिलंय. बाबा 'शांत झोपेची' म्हणून पाच-पाच गोळ्या कात्रीनं कापून द्यायचे. माणूस वाईट नव्हता, उलट कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं त्यांच्या जिवावर यायचं. पण पाचवर आलेली माणसं पुढं पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली. एका गिऱ्हाइकानं वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली, तर चौथ्या दिवशी फिट आली.

"वहिनी, ही नाही देता येणार."

मला वाटलं, चिडतील. त्या स्टुलावर बसल्या. पतसंस्थेत कॅशियर आहेत. उलटे पैसे घेतानासुद्धा तीनदा मोजतात, ते आम्ही इतकी वर्षं थट्टेवारी नेलेलं. पर्स उघडून त्यांनी आठ घड्या घातलेला कागद काढला. कोल्हापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी. एस्सिटालोप्राम, घालमेलीवरची गोळी, पाच मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एक, पंधरा दिवस. तारीख तेवीस दिवसांपूर्वीची.

दोनदा रात्री छाती धडधडली म्हणून दवाखान्यात नेलं होतं. ईसीजी चांगला, टू-डी इको चांगला, थायरॉईड नॉर्मल. शेवटी इथल्या फिजिशियननीच कोल्हापूरला पाठवलं. घरात फक्त मुलीला माहीत. मिस्टरांना सांगितलं होतं, साडी बदलून आणायला गेले होते.

"मग घेतली का नाही?"

"ती वेड्यांची ना. एकदा धरली की जन्मभर."

गंमत बघा. जी खरोखर धरून ठेवते ती त्यांना 'साधी झोपेची' वाटत होती, आणि जिची तशी चटक लागत नाही तिची भीती. मी सांगितलं, ही मनानं बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात, एवढंच पथ्य. पहिल्या आठवड्यात मळमळेल, कधी घालमेल थोडी वाढतेसुद्धा. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून माणसं पाचव्या दिवशी सोडतात. काउंटरवर ते दिसतं. पहिली पट्टी नेलेला माणूस दुसरीला येतच नाही.

"तुम्ही असता तर घेतली असती?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी औषधं देतो, ठरवत नाही. वेळ काढायला म्हणून मी कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकलं. खाली ओळी आल्या, दम्याच्या पंपाच्या. निळा पंप. निळा पंप. निळा पंप. दोन महिन्यांत तीन. एका पंपात दोनशे पफ, म्हणजे दिवसाला दहा.

"दम इतका वाढलाय?"

"दम नाही हो. धडधड सुरू झाली की श्वास अडकल्यासारखा होतो. मग मारते दोन-चार."

त्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात, छाती धडधडते. म्हणजे धडधड झाली की पंप, पंप मारला की धडधड. कोल्हापुरात हे बोलल्या नव्हत्या. "दम्याचं त्यांना काय सांगायचं?" आणि ते तिन्ही पंप मी माझ्या हातानं दिले होते, पावसापाण्याच्या गप्पा मारत.

वहिनींचा चेहरा एकदम फुलला. "म्हणजे पंपाचंच आहे सगळं! मग गोळी नकोच."

आता मीच त्यांना पळवाट काढून दिली होती. न राहवून म्हणालो, "नोटा तीनदा मोजता तेव्हा पंप कुठं असतो, वहिनी?" बोलायला नको होतं. त्यांनी मान खाली घातली.

चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावला. एवढ्या रात्री डॉक्टरांनी उचलला, हेच विशेष. पंपाचं सांगितल्यावर म्हणाले, त्यांना द्या. मला फक्त या बाजूचं ऐकू येत होतं. "हो... नाही सांगितलं... हो, आधीपासून... बरं." फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं ते असं: सोमवारी छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं, तोवर पंप टाकून द्यायचा नाही, दम लागला तर वापरायचाच. आणि गोळी सुरू करावी असं डॉक्टरांचं मत अजून आहे, पण ते मागं लागणार नाहीत.

बराच वेळ त्या काउंटरच्या काचेवरचा एक डाग नखानं खरवडत होत्या.

"आधी पाचच द्या."

बाबांची कात्री अजून ड्रॉवरमध्ये आहे. पाच कापल्या, पाकिटावर 'सकाळी, नाश्त्यानंतर' लिहिलं. पाकीट डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याच्या खाली गेलं. सुटे पैसे त्यांनी तीनदा मोजले.

सहाव्या दिवशी भर दुपारी आल्या, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. "मळमळतंय. हातही थरथरतातच. उरलेल्या दहा द्या."

"छातीचे डॉक्टर?"

"दाखवलं. रोजचा दुसरा पंप दिलाय."

"आणि निळा?"

"आहे पर्समध्ये. मोजते. आज दोन."