स्वाती डोक्यावर, नळी तिरकी

पावसाळ्यात लोकलच्या खिडकीबाहेर बघावं. गाडी स्टेशनात उभी असते आणि वारा पडलेला असतो, तेव्हा पाऊस सरळ खाली येतो. गाडीने वेग घेतला की तोच पाऊस पुढून तिरका येतो आणि खिडकीशी बसलेल्याची बाही भिजवतो. टपोरा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर पडतो, ताशी 70 किलोमीटरची लोकल सेकंदाला 19 मीटर पळते. मग थेंब सरळ दिसणार कसा?

ताऱ्यांचा प्रकाशही आपल्यापर्यंत असाच तिरका येतो. फक्त इथे गाडी म्हणजे पृथ्वी. तिचा वेग सेकंदाला 30 किलोमीटर, प्रकाशाचा जवळजवळ 3 लाख. एकास दहा हजार हे प्रमाण, त्यामुळे तिरकेपणा फार तर 20.5 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). पूर्णचंद्राची रुंदीच सुमारे 1800 विकला असते, यावरून काय ते समजावं.

एक मीटर लांबीच्या दुर्बिणीत शिरलेला प्रकाश तळाशी पोचायला 3.3 नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात पृथ्वीबरोबर दुर्बीण 0.1 मिलिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणून नळीचं तोंड चालीच्या दिशेने तेवढंच कलतं ठेवावं लागतं. सहा महिन्यांनी पृथ्वीची चाल उलटी, कलही उलटा.

डोळ्यांना हे कळत नाही, कारण शेजारचे तारेही तेवढेच सरकतात. मोजायला ओळंबा लागतो, म्हणजे ताऱ्यांबरोबर न सरकणारी उभी रेषा. 1725च्या डिसेंबरात लंडनजवळ क्यू इथे सॅम्युएल मॉलिन्यूच्या घरात धुराड्याला 24 फुटी दुर्बीण टांगली होती. हौशी खगोलज्ञ मॉलिन्यू आणि इंग्रज खगोलज्ञ जेम्स ब्रॅडली तिच्यातून कालेय तारकासमूहातला गॅमा तारा बघू लागले. हाच का? तर तो तिथे जवळजवळ डोक्यावरून जातो. क्षितिजाकडे झुकलेल्या ताऱ्याचा प्रकाश हवेत वाकतो. 45 अंशांवरही ही चूक 60 विकलांच्या आसपास जाते, म्हणजे जे मोजायचं त्याच्या तिप्पट. माथ्यावर ती शून्य.

त्यांना हवा होता पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्याने ताऱ्याचं सरकणं. पण तारा मार्चमध्ये दक्षिणेला टोकाला गेला, सप्टेंबरात उत्तरेला. पराशयाच्या हिशेबाने हे तीन महिने चुकीचं. वेळापत्रक पृथ्वीच्या जागेशी नव्हे, वेगाशी जुळत होतं. ब्रॅडलीला हे उमगायला 1728 उजाडलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा हा पहिला थेट पुरावा, तोही दुसरंच काही शोधताना हाती लागलेला! पराशय सापडला थेट 1838मध्ये, जर्मन खगोलज्ञ बेसलला.

मुंबईकराला माथ्यावरचा तारा हवा असेल तर स्वाती आहे. मे अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास तो वांद्रे-कुर्ल्याच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक मरीचीच्या पुढे तसाच वाढवला की नारिंगी स्वाती सापडतो. शहराच्या दिव्यांतही तो हरवत नाही. अंतर सुमारे 37 प्रकाशवर्षं. आता दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा व्हीटीचं नाव बदललेलं नव्हतं (लोकांच्या तोंडी अजूनही कुठे बदललंय म्हणा). ठळक ताऱ्यांमध्ये त्याची स्वतःची चालही चांगली जोरात, वर्षाला 2.3 विकला. या वेगाने चंद्राच्या रुंदीइतकं सरकायला त्याला सुमारे 800 वर्षं लागतील. पृथ्वीच्या धावण्यामुळे मात्र तो दरवर्षी त्याच्या कितीतरी पट हलतो आणि परत जागेवर येतो.